माझ्या नावानं बोललेले उपास

दुखण्यातून उठलेल्या माणसानं आधी सगळ्यांचे आभार मानायचे आणि मग धीराचे दोन शब्द लिहायचे, अशी रीत आहे. मी डॉक्टरीणबाईंचे आभार मानते. बाकीच्यांचं काय करायचं ते लिहिता लिहिता ठरवीन. माझी एक मैत्रीण म्हणाली, "अगं, राग निवळू दे, मग लिही." वर्ष उलटून गेलं, राग काही निवळला नाही. निवळेपर्यंत थांबले तर हे कधीच लिहून व्हायचं नाही, आणि तोवर आणखी किती बायका उपाशी बसतील कोण जाणे.

मला छातीत गाठ झाली होती. ती कापून काढली. मी जगले. एवढीच हकीकत असती तर मी कागद खराब केला नसता. पण गाठीनं मला जेवढं वाळवलं नाही तेवढं माझ्या माणसांनी वाळवलं, आणि तेही प्रेमानं. मला राग आहे तो याच प्रेमाचा. शत्रूनं उपाशी ठेवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

बातमी कुणाची

मी सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकवते. आमचे हे एका मिलच्या कचेरीत आहेत. घरात सासूबाई आणि धाकटे भावजी, तेही हायस्कुलात मास्तर. नणंदबाई करकंबला दिलेल्या, माझं माहेर मंगळवेढ्याचं. हकीकतीत येणारी माणसं जवळजवळ एवढीच.

गाठ मला न्हाताना लागली. सुपारीएवढी, दाबली तरी न दुखणारी. दुखत नाही म्हणून मी आधी खूश झाले. न दुखणारी गाठच वाईट, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. ह्यांना सांगितलं. पेठेतल्या डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी मला पडद्याआड तपासलं आणि मग ह्यांना बाहेर ओसरीवर बोलावून घेतलं. मी आत चोळीच्या गाठी बांधत होते आणि बाहेर माझ्याविषयी हलक्या आवाजात बोलणं चाललं होतं.

"काय म्हणाले?" मी टांग्यात विचारलं.

"काही नाही. अशक्तपणा आहे," हे म्हणाले आणि रस्त्याकडं बघू लागले.

संध्याकाळी सासूबाईंनी माझ्यासाठी शिरा केला. आमच्या घरात सणावाराशिवाय शिरा होत नाही. मी पहिला घास घेतला तशा त्या पदर तोंडाला लावून मागल्या दारी गेल्या. मग भावजी आले आणि नको इतक्या गोडीनं म्हणाले, "वहिनी, शाळेत रजा टाका बरं." तेव्हा मी ताटावरून उठले आणि ह्यांना म्हटलं, "आता सांगता की मीच डॉक्टरांच्या दारात जाऊन विचारू?"

मग त्यांनी 'कॅन्सर' हा शब्द उच्चारला. सासूबाईंना तो कधीच उच्चारता आला नाही. त्या शेवटपर्यंत 'ते' म्हणत राहिल्या. गाठ माझी, अंग माझं, आणि बातमी सगळं घर फिरून शेवटी माझ्याकडं आली. हा माझा पहिला राग. त्या रात्रीची भीती मी लिहीत नाही. जिला ती ठाऊक आहे तिला सांगायला नको, आणि जिला ठाऊक नाही तिला सांगून कळायची नाही.

त्या शिऱ्याची आठवण मला पुढं फार आली. पोटभर मिळालेलं ते शेवटचं खाणं होतं. तेही मी अर्धं टाकलं होतं.

वार वाटले गेले

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सकाळी सासूबाई तळ्यातल्या सिद्धेश्वराला जाऊन आल्या आणि माझ्या कपाळाला भस्म लावून म्हणाल्या, "तारे, तुझे सोमवार बोलले मी. 'ते' जाईस्तवर दिवस मावळल्याबिगर काय खायचं न्हाय. आन् तेबी अळणी."

आमच्याकडं उपास 'बोलतात'. बोलणारं एक आणि धरणारं दुसरं असं चालतं. लेकराला ताप आला की आईनं स्वतःवर बोलावं, ही मूळची पद्धत असावी. पण दुखणेकऱ्याच्याच नावानं बोललं की देवाला ते जास्त पोचतं, असं आमच्या भागातल्या बायका मानतात. मीही मानत होते. मी मान हलवली आणि दिवसभर पाण्यावर राहिले.

मग बातमी पसरली. मंगळवेढ्याहून आई आली, मला उराशी धरून रडली, आणि जाताना सांगून गेली की तुळजापूरच्या देवीला मंगळवार आणि शुक्रवार बोललेत. समोरच्या काकूंनी गुरुवार बोलला, दत्ताचा. त्यांना मी कधी एक वाटी साखर उसनी दिली असेन, तेवढाच आमचा संबंध. पण माझ्या नावानं उपास बोलायला त्यांना कुणाला विचारावंसं वाटलं नाही. नणंदबाईंनी करकंबहून निरोप धाडला: खंडोबाचा आइतवार. राहिला शनिवार. तो खुद्द आमच्या ह्यांनी बोलला, मारुतीला. इंग्रजी कचेरीत टाय बांधून बसणारा माणूस!

"तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"सगळे काहीतरी करतायत, मी काहीच करत नाही असं वाटायला लागलं," हे म्हणाले.

करायचंच होतं तर उपास स्वतः धरायचा होता. पण ते शनिवारी भाकरी, पिठलं आणि वर दही जेवून कचेरीत जायचे आणि मी जात्यापाशी भिंतीला टेकून बसायची.

उरला बुधवार. बुधवारचा कडक देव कुणाला आठवला नाही म्हणून तो मोकळा राहिला. मी मंगळवारी झोपताना उद्या बुधवार, उद्या बुधवार असं घोकत झोपायची. शाळेतल्या पोरी सुट्टीची वाट बघतात तशी. एकादशी नेमकी बुधवारी आली की मला रडू फुटायचं आणि मी भक्तीनं रडते आहे असं सगळ्यांना वाटायचं.

उरलं काय, तर भगर

कुणी म्हणेल, उपासाला काय कमी? साबुदाणा आहे, शेंगदाणे आहेत, बटाटा, रताळं, केळी, दूध आहे. आमच्याकडं उपासाच्या दिवशी माणसं एरवीपेक्षा जड होऊन उठतात, हे काय मला ठाऊक नाही?

पण माझ्यामागं वैद्यबुवाही लागले होते. त्यांनी नाडी धरली, डोळे मिटले आणि पथ्य सांगितलं. दूध कफ करतं, ते बंद. केळं थंड, बंद. बटाटा आणि साबुदाणा वातूळ, बंद. शेंगदाण्यानं पित्त खवळतं, बंद. तूप गाठीला पोसतं, तर ते समोरही आणू नका. एरवीच्या दिवशी चालणारं देव खाऊ देईना आणि उपासाला चालणारं वैद्य खाऊ देईना. या दोन चाळण्यांतून गाळून खाली काय उरलं, तर भगरीचा पातळ भात आणि बिनदुधाचा चहा.

तिसरी चाळणी भावजींची. ते सुधारक. उपासांना हसायचे, वैद्यबुवांना हसायचे. मला वाटलं, चला, एक तरी माणूस माझ्या बाजूचा आहे. तर ते कुठल्याशा मासिकात वाचून आले की गाठ ही आपल्याच अन्नावर वाढते; अन्न तोडलं की तीच सुकते. "वहिनी, अनायासे उपास घडतायत ते एका अर्थी शास्त्रोक्तच आहे," ते म्हणाले. आणि शरीराला लागणारी जीवनसत्त्वं? ती त्यांनी बाटलीतून आणली होती. एक चमचा घेतलं की पातेलंभर भाजीचं सत्त्व मिळतं, असा त्यांचा हिशेब.

जीवनसत्त्व हा शब्द आमच्याकडं नवा होता आणि भावजींना तो फार आवडायचा. पिवळं, घाणेरड्या वासाचं तेल होतं ते. रिकाम्या पोटी एक चमचा घेतला की मी अंगणात जाऊन तो तिथंच ठेवून यायची.

देव, वैद्य आणि शास्त्र या तिघांचं जगात कशावर एकमत होत नाही. माझ्या ताटावर मात्र झालं.

बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. हिरड्यांतून रक्त यायचं. उभी राहिले की डोळ्यांपुढं अंधारी. आणि घरी आलेला जो तो माझ्याकडं बघून म्हणायचा, "रोगानं पार खाल्लं हो हिला." रोगानं! मी मनात म्हणायची, अरे, एकदा माझं ताट तरी बघा.

"मी वार विचारला नाही"

माझ्या शाळेची हेडबाई जरा करारी. तिनं ह्यांना गाठून सांगितलं की मिशनच्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आहेत, गाठी कापतात, हिला घेऊन जा. म्हणून आम्ही गेलो. तिथल्या बाकावर माझ्या शेजारी निळ्या इरकलीतली एक बाई बसली होती. तिलाही माझ्यासारखीच गाठ. आमचं फार बोलणं झालं नाही. तिनं माझा हात हातात घेतला, आपल्या मनगटाशी लावून बघितला आणि हसली. दोघींत कुणाचा बारीक ते सांगता आलं नसतं.

डॉक्टरीणबाई आपल्याकडच्याच, नगरकडल्या. त्यांनी ह्यांना बाहेर उभं केलं आणि मला आत ठेवलं. एवढ्यावरच मी त्यांची झाले. गाठ बघितली, काख बघितली, पापणी खाली ओढून डोळा बघितला, हिरडी बघितली.

"गाठ अजून काढण्यासारखी आहे," त्या म्हणाल्या. "काय जेवता?"

"आज गुरुवार आहे," मी म्हटलं.

"मी वार विचारला नाही. जेवता काय?"

मी सांगितलं. सांगता सांगता माझी मलाच लाज वाटू लागली. त्या ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता. मग त्यांनी दार उघडून ह्यांना आत बोलावलं.

"हिला घरात कोण उपाशी ठेवतंय?"

"उपाशी नाही, डॉक्टरीणबाई, ते नवसाचे..."

"हिच्या अंगात रक्त नाही. आज टेबलावर घेतली तर गाठ निघेल आणि बाई जाईल. मी हात लावणार नाही." मग माझ्याकडं वळून हळू म्हणाल्या, "हे बघा. अन्नानं गाठ जात नाही. तसं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. गाठ सुरीनं जाते. पण सुरी सोसायला अंगात बळ लागतं, आणि ते अन्नानंच येतं. दूध, तूप, डाळी, पालेभाजी, लिंबू, शेंगदाणे, पचेल तेवढं सगळं. दीड महिन्यानं या. अंगावर काही दिसलं तर कापीन. त्याहून उशीर मात्र गाठ करू देणार नाही."

मी भावजींच्या बाटलीचं विचारलं.

"माशाच्या काळजाचं तेल आहे ते. चांगलं आहे. पण जेवणानंतर. जेवणाऐवजी नाही."

निळ्या इरकलीवालीलाही त्यांनी हेच सांगून परत पाठवलं. दारातून बाहेर पडताना तिच्याबरोबरचा पुरुष म्हणत होता, "आता अमावास्येपर्यंत तर मोडता यायचं न्हाय." मी ते ऐकलं. अजून ऐकू येतं.

बुधवार

तुम्हाला वाटेल की आता घरी येताच ताट वाढलं गेलं असेल. ह्यांनी आईला सगळं सांगितलं. सासूबाई खाली मान घालून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "डाक्टरीण म्हंती ते खरं आसंल. पर देवापाशी बोलून बसलोय की. मधीच मोडलं आन् उलटलं तर? मग कुनाच्या तोंडाकडं बघायचं?"

हे टोपी खुंटीला अडकवून आत गेले. दोन दिवसांनी शनिवार, त्यांचा स्वतःचा वार. निदान तो तरी त्यांना मागं घेता आला असता. त्याऐवजी कचेरीतून येताना टोपीत दोन पेढे लपवून आणले आणि आई देवळात गेलीय असं बघून माझ्या हातात कोंबले. मी ते खाल्ले, खोटं कशाला बोलू. पण खाताना मला भयंकर संताप आला. मला चोरून आणलेला पेढा नको होता. त्या घरात मोठ्यानं बोललेला एक शब्द हवा होता.

आणि माझं काय? मी का नाही जेवले? मला भीती वाटत होती. उपास मोडून मेले असते तर मोडला म्हणून मेली असं झालं असतं. न मोडता मेले असते तर पुण्यवान होती म्हणाले असते, आणि पुढच्या बाईला माझा दाखला दिला असता. डॉक्टरीणबाईंची मुदत सरत चालली होती आणि मी रोज आज मोडीन, उद्या मोडीन करत भगर गिळत होते.

मग बुधवार उजाडला. सासूबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या. आईनं मंगळवेढ्याहून नवी ज्वारी धाडली होती; त्या पिठाचा वास साऱ्या घरात भरला होता. आज माझी भाकरी, पथ्याची म्हणजे कोरडी, पण भाकरी. मी पाट मांडून बसले. इतक्यात करकंबच्या नणंदबाई आल्या. गाठोडं खाली ठेवलं, माझ्याकडं बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"आगं आई, किती वाळली ग ही! म्हनूनच मी धावत आले. आपलं चुकलंच की. येवढे समदे वार बोललो आन् बुधवार मोकळा ठिवला. बुधवार तर पांडुरंगाचा! आमच्या हाकेवरचा देव, आन् त्योच कसा इसरला? मी परवा जाऊन बोलून आले बघ. निरंकार. पानी बी न्हाय."

आणि वाकून त्यांनी माझ्यापुढचं रिकामं ताट उचललं.

पुढं जे झालं ते मी ठरवून केलं नाही. मी उठले. भिंतीला हात धरत चुलीपाशी गेले आणि तव्यावरची भाकरी हातानं ओढून घेतली. बोटं भाजली. शिंक्यावरचं दूध काढलं, पितळीत ओतलं, भाकरी कुस्करली. वर शेंगाची चटणी घेतली, मूठभर. आणि सगळ्यांसमोर, चुलीपुढंच फतकल मारून खायला बसले.

"वैनी! आगं, देवाचं हाय!" नणंदबाई किंचाळल्या.

मी तोंडातला घास आधी चावला. मग बोलले. "वन्सं, देवानं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. तुम्ही माझ्या पोटातलं काढून त्याला दिलंत. मला विचारलंत? एकीनं तरी? सोमवार सासूबाईंचा, मंगळवार माझ्या आईचा, शनिवार नवऱ्याचा, समोरच्या काकूंचासुद्धा एक वार आहे माझ्यात. माझा कुठला? एक उरला होता, तोही तुम्ही घेतलात. आता ज्यानं बोललं त्यानं धरावा. मी जेवणार. सगळे वार जेवणार. मेले तर जेवून मरेन."

भावजी दारात आले होते. ते म्हणाले, "वहिनी, एकदम जड अन्न..."

"भावजी, तुमचं शास्त्रही मी जेवणानंतर घेईन," मी म्हटलं.

नणंदबाई पाण्याचा घोट न घेता दुपारच्या मोटारीनं परत गेल्या. त्या दिवशीचा निरंकार त्यांनाच घडला.

सासूबाई

सासूबाई माझ्याशी बोलेनाशा झाल्या. पण ताट वाढायच्या. न बोलता वाढायच्या, आणि वाढायच्या मात्र भरपूर. मूगडाळ, तांदुळसा, चाकवत, वर लिंबाची फोड. पहिले काही दिवस मला पचेना, पोटात कळा यायच्या. सवय मोडलेली. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खात राहिले. हळूहळू हिरड्यांचं रक्त थांबलं.

पुढच्या सोमवारी माझ्या लक्षात आलं की एकच ताट मांडलंय. मंगळवारी तेच. गुरुवारी मी विचारलं, "तुमचं जेवण?"

"माजा उपास हाय."

"गुरुवारचा तुमचा कसला उपास?"

त्यांनी चुलीत फुंकर घातली. "देवाला वार पायजे. कुनाचा, ते काय देव बघत बसत न्हाय. समदे वार मी उचलले. तू जेव."

माझा राग पुन्हा उसळला. म्हटलं, आता ही म्हातारी मरणार आणि मला आयुष्यभर ते वाहायला लागणार. मी भांडले. "मला जेवायला मिळावं म्हणून तुम्ही उपाशी राहायचं? हा कुठला न्याय?"

"उपाशी?" सासूबाईंनी टोपल्याखालची पितळी बाहेर ओढली. भगर, शेंगदाण्याची आमटी, बटाट्याची भाजी, दोन केळी आणि सायीचं दूध. "माज्या अंगात काय गाठ हाय? आन् त्या वैद्यानं काय माजी नाडी धरली न्हाय. मला समदं चालतंय. धाकलीपनापासनं उपास करत आले, मला काय हुतंय?"

मी त्या पितळीकडं बघतच राहिले. माझ्या दीड भाकरीपेक्षा ते जास्त होतं. हसू आलं, आणि हसता हसता मी रडले. मग ओरडले, "हे तुम्हाला पहिल्याच सोमवारी सुचलं नाही?"

"कुनी वरडलं न्हाय तवा," त्या म्हणाल्या.

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवते आहे. ते खरं आहे, आणि म्हणूनच मला त्याची चीड येते. गाठ झालेल्या बाईनं, अंगात उभं राहायचं बळ नसताना, आधी ओरडायचं आणि मग तिला भाकरी मिळायची!

त्या तेलात मासा आहे हेही मी सासूबाईंना सांगून टाकलं. आमच्या घरात मासा कधी शिरला नव्हता. त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "चमचा येगळा ठीव." एवढंच.

सुरी

मुदतीला मी दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी पापणी ओढून बघितली आणि मान हलवली. "जाड म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या, "पण आता तुमच्यात कुणीतरी आहे." मला दाखल करून घेतलं.

दवाखान्याचं फार सांगत नाही. सकाळी नर्स थर्मामीटर तोंडात खुपसायची, मग फिनेलच्या वासात चहा, मग पट्टी बदलणं, आणि त्या वेळी दात आवळून छताच्या कड्या बघणं. गुंगीचं औषध हुंगवलं तेव्हा वाटलं, पाण्यात पाय घसरला. जागी झाले तर उजवी बाजू सपाट आणि अंगात आग. मी आरशात बघायला पुष्कळ दिवस लावले. त्याचंही दुःख आहे. पण ज्या बाजूला गाठ होती ती बाजू गेली आणि मी राहिले, हा सौदा मला मान्य आहे.

ह्यांनी त्या दिवसांत एक केलं. कचेरीतून थेट यायचे, सगळ्या वॉर्डासमोर खुर्ची ओढून बसायचे आणि वाटीतलं सार मला चमच्यानं पाजायचे. बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. ह्यांचे कान लाल व्हायचे, पण उठले नाहीत. एकदा मी विचारलं, "शनिवारचं काय झालं?" म्हणाले, "आईकडं दिला नाही. मीच धरतो." बघितलं तर गालफडं खरंच जरा बसली होती. मी वाटीतलं सार संपवलं.

बरी झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना निळ्या इरकलीवालीबद्दल विचारलं.

"आली नाही," त्या म्हणाल्या. "मी निरोप पाठवला होता."

आणि त्या पुढचा कागद ओढून लिहू लागल्या. तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. आमच्या दोघींची गाठ एक, डॉक्टरीण एक, तिला सांगितलेलं औषधही तेच: जेव. एवढं सोपं औषध तिला मिळालं नाही, आणि तिच्या घरी आता म्हणत असतील, रोगानं खाल्लं. मला सांगा, हा राग कसा निवळावा?

कुठला उपास केलात?

घरी आल्यावर नणंदबाई भेटायला आल्या. ओटी भरली, बोटं मोडली आणि साऱ्या आळीला सांगितलं, "आमच्या उपासानं वाचली!" तेव्हापासून माझ्याकडं बायका येतात. लांबून येतात. जवळ बसतात, आजूबाजूला बघतात आणि पदराआडून विचारतात, "बाई, तुमी कुठला उपास केला?" पहिल्यांदा मी इतकी चिडले की आलेली बाई भिऊन चहा टाकून गेली. मग ठरवलं, की येईल तिला आधी वाढायचं, मग चिडायचं.

परवा दुधनीकडची एक आली, भावाबरोबर. तीसबत्तीसची असेल. हाडं मोजावीत अशी. गाठ सांगितली, डॉक्टरीणबाईंकडं उद्या जायचं आहे म्हणाली. आणि मग तोच प्रश्न.

मी ताट आणून पुढं ठेवलं. भाकरी, दूध, चटणी, पालेभाजी.

तिनं हात आखडून घेतले. "ऊटा ब्याड, अक्का. जेवन नको. आज सोमवार हाय. आमच्या अत्तीनं, सासूनं, बोललंय."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई आतून आल्या. त्या आता बऱ्याच थकल्यात, गुडघ्यावर हात ठेवून बसतात. तिच्यासमोर बसल्या, तिचं मनगट हातात घेतलं आणि आपल्या अंगठ्यानं चाचपून बघितलं.

"तुजा सोमवार माज्याकडं दे," त्या म्हणाल्या.

तिनं मान वर केली.

"माजा आज हायच की. येकाच उपासात दोगींचं भागतंय. अत्तीला सांग, सोलापूरच्या म्हातारीनं घेतला म्हनून. देवाला मी सांगते. जेव तू."

तिनं भावाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग हळूच एक तुकडा मोडला, दुधात बुडवला आणि डोळे मिटून खाल्ला. अर्ध्या भाकरीवर येऊन हात थांबला. "पुरे," म्हणाली.

"उरलेली कोण खाणार?" मी म्हटलं. "देव?"

सासूबाईंनी माझ्याकडं डोळे वटारले, आणि तिच्या ताटात आणखी दूध ओतलं.